केमोने गाठ बारीक होत चालली, पण जागेची खूण केलेली नाही. आता क्लिप बसवता येईल का?

बोरीकाठची, अमळनेर तालुका

नमस्कार. माझ्या आक्कासाठी विचारते आहे. जरा सविस्तर लिहिते, कारण मी अर्धवट सांगितलं तर उत्तरही अर्धवट मिळेल.

आक्का माझ्याहून ८ वर्षांनी मोठी, वय ४७, पारोळा तालुक्यात दिलेली. शेती कोरडवाहू, कापूस आणि दादर ज्वारी. दिवाळीनंतर कापसाचं गाठोडं डोक्यावर घ्यायला हात वर केला तेव्हा डाव्या छातीत ओढल्यासारखं झालं. चाचपलं तर लिंबाएवढं टणक. दुखत नव्हतं म्हणून महिनाभर तिने कुणाला कळू दिलं नाही. मला सांगितलं तेही वेचणी आटोपल्यावर.

सोनोग्राफीत गाठ ४.१ सेंमी निघाली. सुईची बायोप्सी झाली, हर टू पॉझिटिव्ह आला, म्हणजे पेशींवर हर टू नावाचं प्रथिन जास्त असलेला प्रकार. काखेत एक गाठ होती, तिच्यात सुई घालून तपासलं तर तिथेही कॅन्सर. बाकी अंगात कुठे पसरलेला नाही, एवढं देवाने ठेवलं. जळगावला केमो सुरू केली. आधी २१ दिवसांनी एक असे लाल औषधाचे ४ डोस, मग १२ आठवडे दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल आणि त्याच्या जोडीला हर टूचं औषध, आणि मग ऑपरेशन. आधी केमो का, तर गाठ लहान झाली म्हणजे कदाचित स्तन वाचवता येईल.

२ डोस झाले. केस गेले, तोंडाला चव नाही, पण गाठ खरंच उतरली. लिंबाची बोर झाली. मागच्या आठवड्यात परत सोनोग्राफी केली, १.९ सेंमी. मायने कानबाईला नवस बोलला. आम्ही सगळे आनंदात.

त्याच आनंदात नाशिकला ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना भेटायला गेलो. त्यांनी फाइल चाळली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "क्लिप कधी बसवली?" आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहिलं. ते म्हणाले, गाठीत एक बारीक धातूची खूण ठेवतात, ती ठेवलेली नाही. पुढच्या डोसच्या आधी ठेवून घ्या, गाठ पूर्ण गेली तर मी कापू कुठे?

जळगावला हे विचारलं तर उत्तर मिळालं, गरज नाही, नाहीतरी सगळं काढायचंच आहे. तिसरा डोस येत्या मंगळवारी आहे. घरात दोन तट पडलेत. माय म्हणते, "जी गाठ चालनी जाई ऱ्हायनी, तिले सुई कसाले टोचतस?" मेहुण्यांचं म्हणणं, शरीरात लोखंड ठेवायचं म्हणजे दुसरा रोग. आक्का काही बोलत नाही. ती फक्त मला विचारते, "तू काय म्हणतेस?"

मी अंगणवाडीत आहे. एका पोराच्या वजनाची नोंद राहिली तरी आम्हाला वर उत्तर द्यावं लागतं. इथे एवढ्या जाड फाइलीत ही एक नोंद नाही, याचं मला राहून राहून वाईट वाटतं. २ डोस झाल्यावर ही खूण करता येते का? की वेळ गेली? ज्यांच्या घरात हे झालं आहे त्यांनी कृपया सांगा.


तापीकाठ, भुसावळ

ताई, वेळ गेलेली नाही. पण मंगळवारच्या आधी करा. १.९ सेंमी दिसतेय म्हणजे अजून जागा सापडते आहे. तिसऱ्या डोसनंतर किती उरेल हे कुणी सांगू शकत नाही.

मी शाळेत शिकवते. २०२१ साली मला उजव्या बाजूला झाला, ट्रिपल निगेटिव्ह, म्हणजे हार्मोनच्या दोन आणि हर टूची एक, तिन्ही चाचण्या निगेटिव्ह. माझी क्लिप केमो सुरू व्हायच्या आधीच मुंबईत बसवली होती, म्हणून ती काय चीज आहे ते डोळ्यांनी पाहिलेलं सांगते, तुमच्या आक्कालाही वाचून दाखवा.

उताणं झोपवतात, त्या बाजूचा हात डोक्यामागे घ्यायला लावतात. सोनोग्राफीचा तो थंड जेल. मग भूल देणारं इंजेक्शन, ते मात्र झोंबतं, लाल मुंगी कडाडून चावल्यासारखं. त्यानंतर दुखत नाही, फक्त कुणीतरी आतून दाबतंय असं वाटतं. डॉक्टर स्क्रीनकडे बघत सुई गाठीच्या मधोमध नेतात आणि मागचा दट्ट्या दाबतात. टक् असा आवाज आला. मी विचारलं, झालं? म्हणाले, झालं. सगळं मिळून २० मिनिटं. क्लिप तिळाएवढी असते, लोखंडाची नाही, टायटॅनियमची. त्याला गंज नाही, काही नाही. नंतर १० मिनिटं दाबून धरलं, बर्फ दिला, आणि मॅमोग्राफीचे दोन फोटो काढले, खूण बरोबर बसली का ते बघायला. आठवडाभर काळंनिळं होतं, बस.

माझे सगळे डोस संपले तेव्हा हाताला काही लागत नव्हतं. सोनोग्राफीतही नाही. मी पेढे वाटायला निघाले होते. डॉक्टरांनी बसवलं आणि सांगितलं, बाई, दिसत नाही म्हणजे संपली असं नाही, तो भाग काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्याशिवाय आम्ही काही म्हणणार नाही. आणि तो भाग कुठला, हे सांगायला मॅमोग्राफीत एकच गोष्ट उरली होती. पांढुरक्या धुक्यात तांदळाची कणी पडावी तेवढी ती क्लिप.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी तार घालतात, तेही सांगून ठेवते म्हणजे आक्का घाबरणार नाही. मशीनमध्ये स्तन दाबून धरतात, भूल देतात आणि क्लिपपर्यंत एक बारीक तार नेतात. तिच्या टोकाला आकडा असतो, त्यामुळे ती सरकत नाही. दुसरं टोक बाहेर राहतं, ते गुंडाळून वर गॉज लावून चिकटवतात. त्या अवस्थेत मी तासभर खुर्चीत बसले होते, हात हलवायचीही भीती वाटत होती. नर्सने येऊन सांगितलं, श्वास घ्या मोकळा, निघत नाही ती. मग आत नेलं. काढलेल्या तुकड्याचा तिथल्या तिथे एक्स-रे काढतात, क्लिप आणि तार त्यात आली की मगच टाके. माझ्या यजमानांना बाहेर तो फोटो दाखवला होता.

दुसऱ्या दिवशी लघवी हिरवी-निळी होते, काखेतल्या तपासणीसाठी निळा रंग टोचतात त्याने. मला आधी सांगितलं होतं, म्हणून दचकले नाही.

क्लिपच्या भोवती जिवंत कॅन्सरची एकही पेशी मिळाली नाही. स्तन राहिला. पुढे रेडिएशन घ्यावं लागलंच, स्तन वाचवला की ते चुकत नाही, हे आक्काला आत्ताच सांगा. नंतर कळलं की रेडिएशन हवंय, आणि मग येण्याजाण्याचं नियोजन नाही, असं होऊ देऊ नका.


पाचोरेकर

बोरीकाठची ताई, माझ्या आईच्या बाबतीत नेमकं हेच राहून गेलं, म्हणून लिहितो.

आई तेव्हा ६१ वर्षांची. कुठल्या दवाखान्यात ते लिहीत नाही, आता त्याचा उपयोग नाही. ६ डोस झाले, गाठ गेली, आम्हीही तुमच्यासारखेच खूश. ऑपरेशनच्या आधल्या दिवशी सर्जन जुना सोनोग्राफीचा रिपोर्ट हातात घेऊन बसले. त्यात एवढंच होतं, डावा स्तन, वरचा बाहेरचा भाग. किती वाजताच्या दिशेला, स्तनाग्रापासून किती अंतरावर, कातडीखाली किती खोल, काही नाही. क्लिप नाही. फोटोची सीडीसुद्धा आम्ही मागून घेतली नव्हती. ते म्हणाले, अंदाजाने मोठा भाग काढू शकतो, पण नेमकी जागा सुटली तर? त्यापेक्षा पूर्ण काढू.

आई लगेच म्हणाली, काढून टाका. तिने ते आमची धावपळ वाचावी म्हणून म्हटलं, हे मला आज कळतं. तिला निवड करायची वेळच आली नाही. खूण असती तर निदान विचारता तरी आलं असतं.

आणखी एक सांगतो, जे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. पूर्ण स्तन काढला तरी खूण लागते. पॅथॉलॉजीवाल्यांचा फोन आला होता, गाठ नेमकी कुठे होती? कारण त्यांना बघायचं होतं, केमोने सगळं मेलं की काही उरलं, आणि पुढचं औषध त्यावर ठरतं. एवढ्या मोठ्या भागात ते शोधणार कुठे? तेव्हा "नाहीतरी सगळं काढायचंय" हे उत्तर घेऊन गप्प बसू नका.

आई आज बरी आहे. ब्लाउजमध्ये ठेवायला तिने आमच्याच शेतातल्या कापसाची छोटी उशी शिवली आहे. बाजारात जाताना ती आधी आरशात बघून सारखी करते. मी तेव्हा दुसरीकडे बघतो.


सोनोग्राफीवाला, धुळे

मी धुळ्यात स्तनांची सोनोग्राफी-मॅमोग्राफी करतो, अशा क्लिपाही बसवतो. तुमच्या आक्काची फाइल मी पाहिलेली नाही, त्यामुळे शेवटचा शब्द नाशिकच्या सर्जनचा. पण तुम्ही विचारलं आहे त्याचं सरळ उत्तर असं, की गाठ दिसते आहे तोवर क्लिप बसते. सगळ्यात चांगली वेळ बायोप्सीच्याच दिवशी किंवा पहिल्या डोसच्या आधी. ती गेली. आता उरलेल्यातली चांगली वेळ म्हणजे हे ४-५ दिवस. हर टू पॉझिटिव्ह आणि ट्रिपल निगेटिव्ह या दोन प्रकारांत केमोने गाठ पूर्ण नाहीशी व्हायचं प्रमाण जास्त, आणि तुमचं हर टूचं औषध तर अजून सुरूच झालेलं नाही. ते सुरू झाल्यावर १.९ चं काय होईल याचा विचार करा.

दिवसाचंही एक गणित आहे. लाल औषधानंतर साधारण १० ते १४ व्या दिवशी पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात, त्या दिवसांत सुई घालायची नसते. पुढच्या डोसच्या आदल्या दिवशी पेशी सावरलेल्या असतात. म्हणजे सोमवार बरोबर. त्या आधी रक्त तपासून पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट बघून घ्या. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगा.

धातूबद्दल. टायटॅनियम शरीर स्वीकारतं, एमआरआयलाही अडचण येत नाही. आणि ही क्लिप जन्मभर ठेवायची नाहीच, ऑपरेशनमध्ये ती त्या भागाबरोबर बाहेर येते. तयार क्लिप सुईसकट मिळते, तिला काही हजार रुपये पडतात. ते जड जात असतील तर ऑपरेशनमध्ये रक्तवाहिनी बंद करायला वापरतात ती छोटी टायटॅनियमची क्लिप जाड सुईत भरूनही बसवता येते, ती पुष्कळ स्वस्त पडते. पैशासाठी हे काम थांबवू नका, तुमच्या डॉक्टरांना स्वस्त पर्याय स्पष्ट विचारा.

काही ठिकाणी नुसती कातडीवर शाईची खूण करतात किंवा गोंदतात. काहीच नसण्यापेक्षा बरी, पण कातडी आणि आतला भाग एकत्र हलत नाहीत. सोनोग्राफीत हात डोक्यामागे असतो, ऑपरेशनच्या टेबलावर हात बाजूला पसरलेला असतो. तेवढ्यात खूण बाजूला सरकते. म्हणून खूण आतच हवी.

आता गाठ लहान कशी होते ते समजून घ्या, कारण इथे लोकांची फसगत होते. काही गाठी खडीसाखरेसारख्या बाहेरून आत विरघळत जातात, शेवटी मधला खडा उरतो. त्या सोप्या. काही गाठी दादरच्या कणसासारख्या असतात. पाखरांनी टिपल्यावर कणसावर इथे चार दाणे, तिथे दोन, असे राहतात ना, तशा पेशी विखरून राहतात. म्हणून क्लिप मध्य दाखवते, आणि आजूबाजूला किती काढायचं ते सर्जन जुने आणि नवे फोटो शेजारी ठेवून ठरवतो. पहिल्याइतका ४ सेंमीचा सगळा भाग काढावाच लागतो असं नाही, उरलेली गाठ आणि तिच्याभोवती स्वच्छ कडा मिळाली की पुरतं. मॅमोग्राफीत चुन्याचे बारीक कण दिसत असतील तर मात्र ते सगळे काढावे लागतात. केमोने गाठ जाते, कण जात नाहीत. ते दूरवर पसरलेले असतील तर दोन टोकांना दोन क्लिपा बसवायला सांगा.

"सगळं काढलं की जास्त सुरक्षित" हा समज आपल्याकडे फार घट्ट आहे. अमेरिकेतला बी-०६ आणि इटलीत मिलानचा, या दोन अभ्यासांचे २० वर्षांचे निष्कर्ष २००२ साली आले. फक्त गाठीचा भाग काढून रेडिएशन दिलेल्या आणि पूर्ण स्तन काढलेल्या बायका सारख्याच जगल्या. ते अभ्यास आधी ऑपरेशन केलेल्यांचे होते हे खरं. पण केमोने गाठ नीट लहान झाली, कडा स्वच्छ मिळाली आणि रेडिएशन पूर्ण घेतलं, तर आज तोच मार्ग मान्य आहे. आक्काला पूर्ण काढायचं असेल तर तोही तिचा हक्क. पण तो तिचा निर्णय असावा. जागा हरवली म्हणून नको.


बोरीकाठची

सगळ्यांचे आभार. तापीकाठ ताईंचं मी आक्काला दोनदा वाचून दाखवलं. "लाल मुंगी" ऐकून ती पहिल्यांदा हसली. पाचोरेकर दादा, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. ते वाचताना मेहुणे उठून अंगणात गेले, परत आले आणि म्हणाले, सोमवारी जाऊ.

डॉक्टरसाहेब, दोन गोष्टी अजून. सुई घातल्याने कॅन्सर पसरतो असं सासूबाईंच्या माहेरचे लोक ठासून सांगतात, त्यांना काय सांगू? आणि काखेतल्या गाठीतही क्लिप हवी का? ती सोनोग्राफीत आता जेमतेम दिसते.


सोनोग्राफीवाला, धुळे

सुईने आजार वाढून माणूस लवकर गेलं, असं इतक्या वर्षांच्या अनुभवात आणि अभ्यासात दिसलेलं नाही. आक्काची बायोप्सी झाली तेव्हा सुई गेलीच होती, आणि त्यावरच औषध कोणतं द्यायचं ते कळलं. शिवाय दुसऱ्याच दिवशी केमोचं औषध रक्तातून सगळीकडे फिरणार आहे. सासूबाईंना एवढंच सांगा, की सुई न घातल्याने नुकसान झालेल्या बायका मी पाहिल्या आहेत.

काखेचा प्रश्न तुम्ही फार योग्य विचारला. हो, बायोप्सीत कॅन्सर निघालेल्या त्या गाठीतही खूण करून घ्या, आणि जेमतेम दिसते म्हणता तर तीच आधी करा.

कारण सांगतो. पूर्वी काखेतल्या बहुतेक सगळ्या गाठी, म्हणजे प्रत्येकाच्या काखेत असतात त्या लसिका ग्रंथी, साफ करायचे. त्याने पुष्कळ बायकांचा हात जन्माचा सुजतो, जड होतो. कापूस वेचणाऱ्या, डोक्यावर ओझं घेणाऱ्या बाईला तो हात म्हणजे घर चालवायचं साधन आहे. आता केमोने काख स्वच्छ झाली असं वाटलं तर निळा रंग आणि किरणोत्सारी द्रव्य टोचून पहिल्या २-३ पहारेकरी गाठी, म्हणजे स्तनातून येणारा आजार सगळ्यात आधी जिथे पोहोचतो त्या, काढून तपासतात, त्या स्वच्छ तर बाकीच्या ठेवतात. पण या पद्धतीत चूक किती होते? २०१३ साली आलेल्या झेड-१०७१ या अभ्यासात १२.६ टक्के. म्हणजे काखेत आजार उरलेल्या १०० बायकांपैकी साधारण १२-१३ जणींच्या पहारेकरी गाठी स्वच्छ दिसल्या. त्याच अभ्यासात जिथे क्लिप घातलेली गाठ काढलेल्या पहारेकरी गाठींमध्ये सापडली, तिथे हे प्रमाण ६.८ वर आलं. २०१६ साली टेक्ससच्या एमडी अँडरसन रुग्णालयाने पहारेकरी गाठी आणि क्लिपवाली गाठ दोन्ही मुद्दाम शोधून काढल्या, तर चूक २ टक्क्यांवर आली. त्यांना असंही दिसलं की २३ टक्के बायकांमध्ये क्लिपवाली गाठ ही पहारेकरी गाठ नव्हतीच. म्हणजे खूण नसती तर आजार निघालेली ती गाठ मागेच राहिली असती.

फक्त एक बघा, ऑपरेशनच्या दिवशी ती गाठ शोधायची सोय नाशिकला आहे का. नुसती क्लिप घालून उपयोग नाही, ती पुन्हा सापडवावी लागते. तारेने, सोनोग्राफीने, कशानेही, पण ते आधी ठरलेलं असावं. सर्जनशी फोनवर बोलून घ्या. आणि क्लिपनंतरचा रिपोर्ट हातात येईल तेव्हा त्यात बाजू, घड्याळाची दिशा, स्तनाग्रापासूनचं अंतर, खोली आणि किती क्लिपा, हे सगळं लिहिलंय का ते तिथेच उभं राहून वाचा.


तापीकाठ, भुसावळ

मध्येच एक उपयोगाचं. उपचाराला जाताना रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपर आणि थ्री एसीत पूर्ण सवलत असते, सोबतच्या एका माणसालाही मोठी सूट मिळते. दवाखान्याकडून ठरावीक फॉर्म भरून सहीशिक्क्यासह आणावा लागतो. तुम्ही एसटीने जात असाल तर बायकांचं अर्धं तिकीट आहेच, पण पुढे रेडिएशनला रोजचं राहणं पडलं तर फॉर्म हाताशी असू द्या. आणि सोमवारी आक्काला पुढून बटणाचा ब्लाउज किंवा गाऊन घालून न्या, हात वर करून काढावं लागेल असं काही नको.


बोरीकाठची

झालं. सोमवारी दोन्ही क्लिपा बसल्या. ज्यांनी वेळ काढून लिहिलं त्यांना कळवणं माझं काम आहे.

शनिवारी पारोळ्यात रक्त तपासलं, पेशी ठीक निघाल्या. रविवारी दुपारच्या एसटीने धुळ्यावरून नाशिकला गेलो, आक्का, मेहुणे, मी आणि माय. मायला नको म्हटलं होतं, ती पिशवी घेऊन स्टँडवर येऊन उभीच होती.

खोलीत अंधार होता, फक्त मशीनचा उजेड. मला आत थांबू दिलं. आधी काख. ती गाठ शोधायलाच डॉक्टरीणबाईंना १०-१२ मिनिटं लागली, सारखा तो यंत्राचा तुकडा पुढे-मागे, आक्काचा हात थोडा वर, थोडा खाली. माझ्या पोटात गोळा आला होता, की उशीर केला आम्ही. मग त्या थांबल्या, म्हणाल्या, ही बघा. काळसर, घेवड्याच्या दाण्यासारखी. अजून एक डोस झाला असता तर मला सापडली नसती, असं त्या म्हणाल्या. तिथे क्लिप गेली, टक्. मग छातीतली, ती लगेच मिळाली. स्क्रीनवर काळ्या डागात एक बारीक पांढरी रेघ चमकली. त्यांनी स्क्रीन आक्काकडे वळवली. आक्का किती तरी वेळ त्या रेघेकडे बघत होती. बोलली काहीच नाही, पण माझा हात सोडला. तोवर तिने तो घट्ट धरून ठेवला होता.

बाहेर मॅमोग्राफीचा फोटो उजेडावर धरला तेव्हा मायने विचारलं, "इतलीशीच शे का?" हो म्हटलं, एवढीशीच.

रिपोर्ट तिथेच उभं राहून वाचला. डावा स्तन, २ वाजताच्या दिशेला, स्तनाग्रापासून ५ सेंमी, क्लिप १. डावी काख, क्लिप १. पहिल्या प्रतीत खोली लिहिलेली नव्हती, ती मी लिहून घेतली. त्या जराही चिडल्या नाहीत, उलट म्हणाल्या, बरं केलं विचारलं. ऑपरेशनच्या सकाळी दोन तारा घालायच्या असं सर्जनशी ठरलं आहे.

मंगळवारी जळगावला तिसरा डोस वेळेवर झाला. तिथल्या डॉक्टरांपुढे रिपोर्ट ठेवला. त्यांनी शांतपणे वाचला आणि फाइलच्या पहिल्याच पानावर लाल पेनने लिहिलं, २ क्लिपा बसवल्या आहेत. मला तेवढं पुरे होतं.

चौथा डोस झाला की पुन्हा सोनोग्राफी, मग दर आठवड्याचे सुरू. आखाजीला ती माहेरी येणार आहे, दोन डोसांच्या मधल्या दिवसांत बसवू. रिपोर्टच्या तीन प्रती काढल्या. एक फाइलीत, एक माझ्या अंगणवाडीच्या कपाटात, आणि तिसरी मेहुण्यांनी प्लॅस्टिकमध्ये घालून सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवली.